क्लोरीनचा डोस दुप्पट करूनही पुनर्वापराच्या पाण्यात कोलिफॉर्म (मैल्याच्या दूषिततेची खूण असलेले जिवाणू) येतात, कुठे काय तपासावं?

दुसरा_टप्पा (प्रश्न)

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बागा, फ्लशिंग आणि कूलिंग टॉवरसाठी पाणी द्यायचं आहे. मांडणी नेहमीचीच आहे: बार स्क्रीन, ग्रिट चेंबर, प्राथमिक क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी), एरेशन टाकी (जिवाणूंना हवा देणारी), दुय्यम क्लॅरिफायर, पुढे पीएसी (बारीक कण एकत्र आणणारं रसायन) देऊन ड्युअल मीडिया फिल्टर, शेवटी हायपो (क्लोरीन देणारं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) आणि त्याला काम करायला वेळ देणारी कॉन्टॅक्ट टाकी. गाळ डायजेस्टरमधून (हवेविना गाळ कुजवणाऱ्या टाकीतून) सेंट्रिफ्यूजवर जातो आणि सेंट्रेट (तिथे गाळातून वेगळं निघालेलं पाणी) परत इनलेटला येतं.

लक्षणं अशी:

- सकाळचे नमुने पास होतात, दुपारचे फेल.
- हायपोचा डोस ६ वरून १२ मिग्रॅ/लिटर केला. कॉन्टॅक्ट टाकीच्या आउटलेटला अवशिष्ट क्लोरीन कधी ४ दिसतो, कधी चक्क शून्य. डोस वाढवल्यावर शून्य जास्त वेळा येतंय.
- फिल्टरचा बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) दिवसातून एकदा पुरायचा, आता आठ तासांतच लागतो.
- एमएलएसएस (एरेशन टाकीतल्या गाळाचं प्रमाण) २,९०० मिग्रॅ/लिटर, अर्ध्या तासाचं सेटलिंग ५८० मिली.
- सरासरी प्रवाहाला कॉन्टॅक्ट टाकीत ९० मिनिटं मिळतात, असं ड्रॉइंगवर लिहिलंय.

डोस आणखी वाढवावा, की यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारी यंत्रणा) बसवावं? की चूक आधीच्या टप्प्यात आहे?

---

ब्लोअर_रूम

आधीच्या टप्प्यात. डोसला सध्या हात लावू नका.

तुमच्याच आकड्यांवरून एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा व्यापतो) काढा: ५८० भागिले २.९, म्हणजे २०० मिली प्रति ग्रॅम. चांगला बसणारा गाळ ८० ते १५० मध्ये असतो. २०० म्हणजे गाळ फुगलाय आणि त्यात तंतुमय जिवाणू वाढलेत. असा गाळ क्लॅरिफायरमध्ये सावकाश बसतो, ब्लँकेट (तळाशी साचलेला गाळाचा थर) वर चढतं आणि प्रवाह वाढला की बारीक फ्लॉक (गाळाचे पुंजके) विअरवरून (टाकीच्या बाहेर पडण्याच्या काठावरून) निसटतो. तोच तुमचा फिल्टर आठ तासांत चोक करतोय.

अशा वेळी बहुतेक जण रिटर्न स्लजचा (क्लॅरिफायरच्या तळातून एरेशन टाकीत परत नेल्या जाणाऱ्या गाळाचा) पंप वाढवतात. त्याला मर्यादा आहे. रिटर्न गाळ जास्तीत जास्त किती दाट होईल याचा ढोबळ अंदाज म्हणजे दहा लाख भागिले एसव्हीआय. एसव्हीआय २०० असेल तर ५,००० मिग्रॅ/लिटर. टाकीत २,९०० टिकवायचे तर रिटर्नचं प्रमाण २.९ ÷ (५ − २.९), म्हणजे जवळपास १३८ टक्के लागतं. एसव्हीआय १०० असता तर ४१ टक्क्यांत भागलं असतं. १३८ टक्के रिटर्न म्हणजे क्लॅरिफायरवर घनपदार्थांचा भार आणखी वाढवणं. पंप वाढवून ब्लँकेट तासाभरासाठी खाली येतं आणि पुन्हा चढतं, ते यामुळेच.

तंतू वाढण्याची कारणं मोजकी आहेत: ऑक्सिजन कमी, अन्न फार कमी, सडलेलं सल्फाइडयुक्त मैलापाणी, किंवा नायट्रोजन-फॉस्फरसचा तुटवडा. घरगुती सांडपाण्यात शेवटचं कारण सहसा नसतं, कारण १०० भाग बीओडीला (लागणाऱ्या ऑक्सिजनवरून मोजलेलं सेंद्रिय अन्न) ५ भाग नायट्रोजन आणि १ भाग फॉस्फरस लागतो आणि तो त्यात असतोच. दुपारी बिघडतंय म्हटल्यावर माझा पहिला संशय ऑक्सिजनवर.

डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मीटरचा प्रोब कुठे टांगलाय ते बघा. डिफ्युझरच्या (टाकीच्या तळाशी हवा सोडणाऱ्या सच्छिद्र भागाच्या) बुडबुड्यांच्या झोताजवळ असेल तर आकडा खुशाल २ दाखवेल आणि टाकीच्या सुरुवातीच्या भागात ०.३ असेल. हातातला मीटर घेऊन दुपारच्या सर्वाधिक भाराच्या वेळी टाकीच्या लांबीत चार-पाच ठिकाणी, पृष्ठभागापासून मीटरभर खाली मोजा. सगळीकडे १.५ ते २ हवा. ब्लोअरच्या हेडरचा दाब हळूहळू वाढत गेला असेल तर डिफ्युझरची छिद्रं बुजत आहेत. एखाद्या जागी पाणी उकळल्यासारखं मोठ्या बुडबुड्यांनी उसळत असेल तर तिथली मेम्ब्रेन फाटलीय. सगळी हवा तिथून निघून जाते आणि बाकीचे डिफ्युझर उपाशी राहतात.

मग गाळाचं वय काढा. टाकीतला एकूण गाळ भागिले रोज काढून टाकलेला गाळ. उदाहरणार्थ २,००० घनमीटर टाकीत २.९ किलो प्रति घनमीटर, म्हणजे ५,८०० किलो. रोज ८० घनमीटर गाळ ८ किलो प्रति घनमीटर दराने काढला तर ६४० किलो. वय नऊ दिवस. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात. २० अंशाला नऊ-दहा दिवसांत ते तग धरतात, थंड पाण्यात त्याहून बरेच जास्त दिवस लागतात. फुगलेला गाळ बघून घाबरून वेस्टिंग (गाळ काढून टाकणं) वाढवलं की आधी हेच जिवाणू वाहून जातात.

तातडीचा उपाय म्हणून रिटर्न लाइनमध्ये क्लोरीन देतात, टाकीतल्या दर टन गाळाला दिवसाला २ ते ५ किलो. कमीपासून सुरू करा आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघा. तंतूंच्या आत रिकामे कप्पे दिसू लागले की थांबायचं. ऑक्सिजनचं कारण दूर न करता हे केलं तर तंतू पुन्हा येतात.

---

नमुना_बाटली

वर सांगितलेलं बरोबर आहे, पण अवशिष्ट क्लोरीन कधी ४ कधी शून्य का येतो, याचं उत्तर अमोनिया आणि नायट्राइटमध्ये आहे. ते मोजलं का? प्रश्नात दोन्हीचा आकडा नाही आणि तिथेच सगळं अडलंय.

दुय्यम क्लॅरिफायरच्या पाण्यात अमोनिया असेल तर टाकलेला क्लोरीन आधी त्याच्याशी जोडला जाऊन क्लोरामाइन बनतं. क्लोरीन आणि अमोनिया-नायट्रोजन यांचं वजनी प्रमाण ५:१ पर्यंत असेल तोवर अवशिष्ट क्लोरीन वाढत जातो. त्यापुढे डोस वाढवाल तसं आधी बनलेलं क्लोरामाइनच मोडायला लागतं आणि अवशिष्ट उलट घटतो. साधारण ७.६:१ ला तो तळ गाठतो. त्याच्याही पुढे गेलात तर मुक्त क्लोरीन मिळतो. प्रत्यक्ष सांडपाण्यात ८ ते १० पट लागतो.

आता तुमचे आकडे यात घाला. समजा अमोनिया १.५ मिग्रॅ/लिटर आहे. ६ चा डोस म्हणजे ४:१, टेकडीच्या माथ्याजवळ, अवशिष्ट छान दिसतो. १२ चा डोस म्हणजे ८:१, नेमका खड्ड्यात. डोस दुप्पट केला आणि शून्य वाढले, ते यामुळे असू शकतं.

नायट्राइट याहून त्रासदायक. अमोनियाचं नायट्रेट होताना मधला टप्पा नायट्राइटचा. दुसऱ्या टप्प्याचे जिवाणू ऑक्सिजन कमी पडला की पहिल्या टप्प्याच्या जिवाणूंपेक्षा लवकर मागे पडतात आणि नायट्राइट साचतं. १ मिग्रॅ नायट्राइट-नायट्रोजन जवळपास ५ मिग्रॅ मुक्त क्लोरीन खातं. अमोनिया संपलेला आणि नायट्राइट २ असेल तर तुमच्या १२ पैकी १० तिथेच गेले. अमोनिया भरपूर असेल तर क्लोरामाइन बनतं आणि त्याची नायट्राइटशी क्रिया सावकाश होते, म्हणून त्या वेळी ४ दिसतो. एकाच दिवसात दोन्ही चित्रं दिसू शकतात.

मोजमापातही दोन खाचखळगे आहेत.

डीपीडी चाचणीत (गुलाबी रंगावरून क्लोरीन मोजतात ती) क्लोरीन फार जास्त असला तर गुलाबी रंग येऊन क्षणात उडतो आणि मीटर शून्य दाखवतो. शून्य आलं की नमुना दहापट पातळ करून पुन्हा बघा. मुक्त क्लोरीनचं वाचन मिनिटाच्या आत घ्या. उशीर झाला की क्लोरामाइनही रंग देऊ लागतं आणि नसलेला मुक्त क्लोरीन दिसतो.

कोलिफॉर्मच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट आहे ना? नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन काम करत राहतो आणि खोटा पास येतो. १२० मिलीच्या बाटलीत १० टक्क्यांच्या द्रावणाचे ०.१ मिली असेल तर ते १५ मिग्रॅ/लिटरपर्यंतचा क्लोरीन मारतं. नमुना १० अंशांच्या खाली थंड ठेवून त्याच दिवशी लावा. तुमचे सकाळचे पास नमुनेही या नजरेनं एकदा तपासा.

हायपोचंही टायट्रेशन करा. उन्हातल्या टाकीत ते झपाट्यानं उतरतं. तापमान १० अंशांनी वाढलं की विघटनाचा वेग तीन-चार पट होतो. पंप १२ चा डोस देतोय असं समजताय आणि द्रावण निम्म्यावर आलंय, असं सर्रास होतं.

---

गाळणी_माध्यम

कॉन्टॅक्ट टाकीबद्दल लिहितो, कारण ९० मिनिटांच्या आकड्यावर फार विसंबलं जातं.

तो आकडा म्हणजे टाकीचं घनफळ भागिले सरासरी प्रवाह. दुपारचा प्रवाह सरासरीच्या १.८ पट असेल तर ५० मिनिटंच राहिली. त्यात बॅफल (पाण्याला वळसे घालायला लावणाऱ्या आडभिंती) अपुरे असले की पाणी आडवाटेनं निघून जातं आणि त्यातला मोठा भाग ३० मिनिटांतच बाहेर पडतो. ४ मिग्रॅ गुणिले ३० मिनिटं, १२० झाले. कॅलिफोर्नियाच्या नियमात लोकांचा संपर्क येईल अशा पुनर्वापरासाठी हा गुणाकार किमान ४५० लागतो, आणि मोडल संपर्ककाळ किमान ९० मिनिटं, तोही पावसाळा नसतानाच्या सर्वोच्च डिझाइन प्रवाहाला. मोडल म्हणजे इनलेटला एकदम मीठ किंवा दुसरा ट्रेसर टाकल्यावर आउटलेटला त्याची तीव्रता सर्वाधिक होते तो क्षण. कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता, क्षार वाढले की वाढते) मीटर असेल तर मिठानं ही चाचणी एका दुपारात होते. करून घ्या, ड्रॉइंगवर जाऊ नका. बॅफल घालून पाण्याच्या वाटेची लांबी रुंदीच्या ४० पट केली की आडवाट बरीचशी बंद होते.

त्याच नियमात गाळलेल्या पाण्याची टर्बिडिटी (गढूळपणा) चोवीस तासांत सरासरी २ एनटीयू (गढूळपणाचं एकक), ५ च्या वर पाच टक्क्यांहून जास्त वेळ नाही आणि १० च्या वर कधीच नाही, असं आहे. हे पाणी छान दिसावं म्हणून नाही. फ्लॉकच्या कणात दडलेल्या जिवाणूपर्यंत क्लोरीन वेळेत पोचत नाही, यूव्हीचा किरणही पोचत नाही. म्हणून टर्बिडिटीमीटर प्रत्येक फिल्टरला स्वतंत्र हवा. चार फिल्टरचं मिसळलेलं पाणी १.८ दाखवतं तेव्हा त्यातला एक ४ देत असू शकतो.

फिल्टरचं तपासा:

गाळण्याचा वेग. एक फिल्टर बॅकवॉशला गेला की बाकीच्यांवर किती येतो तो मोजा. ताशी १२ मीटरच्या वर जाऊ नये. तुमचे बॅकवॉश तिप्पट झालेत, म्हणजे ही वेळही तिप्पट येतेय.

बॅकवॉशनंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं. ते पाणी वाया सोडा किंवा इनलेटला न्या, कॉन्टॅक्ट टाकीत नको.

माध्यम. वर अँथ्रासाइट, खाली वाळू. हवेचा झोत नीट नसेल तर चिखलाचे गोळे बनतात. फिल्टर रिकामा करून हातभर खोल उकरा, गोळे हाताला लागतात. बॅकवॉशच्या वेळी माध्यम १५ ते २० टक्के फुगायला हवं.

पीएसीचा डोस जार टेस्ट (भांड्यांत वेगवेगळे डोस घालून बघणं) करून दुपारच्या पाण्यावर ठरवा. सकाळच्या पाण्यावर ठरवलेला डोस दुपारी चुकतो. जास्त झाला तरी टर्बिडिटी वाढते, आणि फिल्टर चोक होतो तो वेगळाच.

यूव्हीबद्दल: अमोनिया, नायट्राइटची तिला अडचण नाही, हा मोठा फायदा. पण फुगलेल्या गाळाचं पाणी तिच्यावर सोडलंत तर तीही नापास होईल. माध्यम-फिल्टरनंतर १०० मिलिज्यूल प्रति चौरस सेंमी डोस धरतात, मेम्ब्रेन-फिल्टरनंतर ८०, आरओनंतर ५०. हे उतरते आकडेच सांगतात की आधीचं पाणी किती महत्त्वाचं आहे. शिवाय यूव्हीनंतर पाइपमध्ये टिकणारं काही राहत नाही, त्यामुळे वितरणासाठी थोडा क्लोरीन लागतोच.

---

दुसरा_टप्पा

अमोनिया आणि नायट्राइट दर दोन तासांनी मोजले. पहाटे अमोनिया ०.५ च्या आत, नायट्राइट नगण्य. सेंट्रिफ्यूज सकाळी दहाला सुरू होतो. दुपारी दोनला अमोनिया ५, संध्याकाळी अमोनिया १ वर येतो तेव्हा नायट्राइट १.८. टाकीच्या सुरुवातीला दुपारी डीओ ०.४. बाटल्यांत थायोसल्फेट होतं, हायपो मात्र ७ टक्क्यांवर आलेलं निघालं.

आता सगळा अमोनिया क्लोरीननंच मोडून काढावा का? की मुद्दाम थोडा अमोनिया ठेवून क्लोरामाइनवर चालवावं?

---

ब्लोअर_रूम

सेंट्रेट सापडलं. डायजेस्टरमध्ये गाळातली प्रथिनं फुटून अमोनिया सुटतो. सेंट्रेटमध्ये तो सहसा ५०० ते १,००० मिग्रॅ/लिटर किंवा त्याहूनही जास्त असतो. प्रवाहात त्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपास, पण एकूण नायट्रोजनच्या भारात १५ ते २० टक्के. आणि तुम्ही तो नेमका दिवसाच्या सर्वाधिक भाराच्या तासांत ओतताय.

एक संतुलन टाकी द्या आणि सेंट्रेट रात्री अकरा ते पहाटे सहा सारख्या वेगानं सोडा. रात्री प्रवाह कमी असतो आणि ब्लोअरला वाव असतो. तोवर सेंट्रिफ्यूजच रात्री चालवा. सेंट्रेटच्या लाइनमध्ये पांढरे टणक खडे जमलेत का तेही बघा. ते मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे स्फटिक, वळणावर आणि पंपाच्या इम्पेलरवर आधी बसतात. टाकी बांधाल तेव्हा पाइप गुळगुळीत आणि उघडून धुता येईल असा ठेवा.

ऑक्सिजनचा हिशोब: १ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनला ४.५७ मिग्रॅ ऑक्सिजन लागतो आणि ७.१४ मिग्रॅ अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) जाते. ३० मिग्रॅ अमोनियाला २१४ अल्कलिनिटी गेली. आउटलेटला ७०-८० च्या खाली उतरली तर पीएच घसरतो आणि नायट्रिफिकेशन लंगडं होतं. नायट्रेटचा पुढे नायट्रोजन वायू करणारा ऑक्सिजनविरहित कप्पा असेल तर यातली निम्मी परत मिळते.

आठवड्याभरात अमोनिया खाली येईल. नायट्राइटला त्याहून वेळ लागतो आणि एसव्हीआय उतरायला दोन-तीन गाळवयं जातात. या काळात वेस्टिंग एकदम वाढवू-घटवू नका, दिवसाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त बदल नको.

---

नमुना_बाटली

५ मिग्रॅ अमोनिया क्लोरीननं मोडायचा म्हटलं तर ७.६ पटीनं ३८ मिग्रॅ/लिटर. दर हजार घनमीटरला ३८ किलो क्लोरीन, म्हणजे १० टक्के हायपोचे साधारण ३८० लिटर. तेही अमोनिया तासागणिक बदलत असताना. करू नका. शिवाय तितका डोस म्हणजे पाण्यात क्षार आणि क्लोरिनेशनची उपउत्पादनं दोन्ही वाढवणं.

क्लोरामाइनवर चालवणं हा रुळलेला मार्ग आहे, फक्त ते सावकाश मारतं, म्हणून तो ४५० चा गुणाकार एकूण क्लोरीनवर खरोखर मिळाला पाहिजे. प्रमाण ४:१ च्या आसपास स्थिर ठेवा. नायट्रिफिकेशन पूर्ण होऊन अमोनिया जवळपास शून्य असेल तर नियंत्रित प्रमाणात अमोनियम सल्फेट घालून क्लोरामाइन बनवतात, त्यामुळे उरलंसुरलं नायट्राइट क्लोरीन खात नाही. आधी अमोनिया, मग क्लोरीन, हा क्रम पाळा.

आरओ असलेल्या केंद्रांत तर क्लोरामाइन हवंच असतं. मुक्त क्लोरीन पॉलिअमाइड मेम्ब्रेन खराब करतो आणि काहीच नसलं तर मेम्ब्रेनवर जिवाणूंचा थर बसतो. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या २००८ पासूनच्या भूजल पुनर्भरण प्रकल्पात मायक्रोफिल्ट्रेशन, आरओ आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडसह यूव्ही अशी साखळी आहे. एनडीएमएसारखे (निर्जंतुकीकरणात बनणारं घातक उपउत्पादन) बारीक रेणू आरओतून काही प्रमाणात निसटतात, त्यांच्यासाठी तो शेवटचा टप्पा. नामिबियातल्या विंडहोकला १९६८ पासून सांडपाण्याचं थेट पिण्याचं पाणी होतं, तिथे आरओ नाही. ओझोन, कार्बन आणि अल्ट्राफिल्ट्रेशन आहे. त्यांनी कारखान्यांचं सांडपाणी मुळातच वेगळ्या वाटेनं नेलं. तुमच्याकडे पिण्याचा प्रश्न नाही, पण इनलेटला काय येतंय हे बघण्याची सवय तिथली घेण्यासारखी आहे.

---

जांभळी_लाइन

केंद्राबाहेर पडल्यावरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

साठवणीच्या टाकीत पाणी दोन दिवसांहून जास्त थांबलं की क्लोरीन संपतो, उरलेलं सेंद्रिय खाऊन जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. टाकी झाकलेली हवी, नाहीतर नायट्रेट-फॉस्फेटवर शेवाळ येतं आणि तुम्ही गाळून काढलेली टर्बिडिटी पुन्हा तयार होते. इनलेट आणि आउटलेट टाकीच्या विरुद्ध टोकांना ठेवा. लाइनच्या बंद टोकांना फ्लशिंग व्हॉल्व्ह द्या. शेवटच्या ग्राहकाकडे एकूण क्लोरीन ०.५ च्या खाली जाऊ देऊ नका.

पुनर्वापराच्या पाण्याचा पाइप ओळखू यावा म्हणून जांभळा, पिण्याच्या लाइनपेक्षा खाली, आणि दाबही तिच्यापेक्षा कमी. ग्राहकाच्या टाकीत पिण्याचं पाणी भर म्हणून द्यायचं असेल तर नळाचं तोंड टाकीच्या काठापासून पाइपच्या व्यासाच्या दुप्पट, किमान २५ मिमी वर मोकळं सोडा. नुसत्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर हे सोडायचं नाही, त्याच्या सीटमध्ये वाळूचा कण अडकला की तो उलटं पाणी सोडतो. जोडणी सुरू करण्याआधी एक लाइन पूर्ण बंद करून दाब उतरवा आणि सगळे नळ उघडा. जो नळ कोरडा पडायला हवा होता त्यातून पाणी आलं तर कुठेतरी क्रॉस कनेक्शन आहे. मग दुसरी लाइन बंद करून हेच पुन्हा. हे दरवर्षी, आणि प्लंबिंगमध्ये काहीही बदल झाला की लगेच.

क्षारांचंही लक्षात घ्या. या साखळीतला एकही टप्पा विरघळलेले क्षार काढत नाही, हायपो आणि पीएसी उलट थोडे वाढवतात. १९८५ च्या एफएओच्या मार्गदर्शक तक्त्यात सिंचनाच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी ०.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरपर्यंत निर्धास्त आणि ३ च्या वर गंभीर धरलीय. बोरॉन ०.७ मिग्रॅ/लिटरच्या वर गेलं की नाजूक झाडांच्या पानांच्या कडा करपतात. ठिबकसाठी ग्राहकाकडे १२० मेशचा फिल्टर लावायला सांगा. स्प्रिंकलर रात्री चालवा, म्हणजे तुषार कुणाच्या अंगावर येत नाहीत.

कूलिंग टॉवरवाल्यांना अमोनियाचा रोजचा आकडा कळवत जा. तांबे आणि पितळेच्या नळ्यांना अमोनिया खातो. फॉस्फेटचा आकडाही द्या, टॉवरमध्ये पाणी आटून दाट होतं तेव्हा कॅल्शियम फॉस्फेटचा थर बसतो आणि त्यांना ब्लोडाउन (दाट झालेलं पाणी काढून टाकणं) किती ठेवायचं ते त्यावरून ठरवावं लागतं. दुपारी ५ मिग्रॅ अमोनिया येतोय तोवर त्यांच्याकडे पाणी फक्त पहाटेच्या तासांत सोडा.